विश्लेषण : गुहेत झोपणारे पतंग घटल्याने ऑस्ट्रेलियाला चिंता का?

बोगोंग हा तपकिरी पतंग दिसायला अगदी साधा. पंख पसरले तरी जेमतेम पाच सेंटिमीटर. पण ऑस्ट्रेलियात सप्टेंबरमध्ये वसंत सुरू झाला, की तो मैदानी भागातला उन्हाळा टाळण्यासाठी ऑस्ट्रेलियन आल्प्समधील गार गुहांकडे निघतो. हे अंतर एक हजार किलोमीटरपर्यंत असू शकते. वाट दाखवणारे कोणी नसते, कारण आधीची पिढी अंडी घालून केव्हाच मेलेली असते. मग रस्ता सापडतो कसा? पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि रात्रीचे तारे, या दोन्हींच्या आधारे, असे २०१८ आणि २०२५ मधील संशोधनांतून दिसून आले.

गुहेत उन्हाळाभर ग्रीष्मनिद्रा. पतंग घरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर रचून भिंतीला चिकटतात. एका चौरस मीटरवर सुमारे १७ हजार! मूलनिवासी हे पतंग भाजून खात. उन्हाळा सरला की पतंग जन्मस्थळी परततात.

२०१७ नंतर मात्र अनेक गुहा जवळपास रिकाम्या दिसल्या. पतंगांच्या प्रजननक्षेत्रात तीव्र दुष्काळ होता. अळ्यांना हिरवा पालाच मिळाला नाही. २०२१ मध्ये बोगोंगची नोंद संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक लाल यादीत झाली.

फटका इतरांनाही बसला. पोटाला पिशवी असलेला, उंदराएवढा पिग्मी पॉसम बर्फाखालच्या शीतनिद्रेतून उठतो तो भुकेला. त्याचे वसंतातले मुख्य अन्न हेच पतंग. ते आलेच नाहीत, तेव्हा अनेक माद्यांची पिल्ले पिशवीतच दगावली.