तांबड्या पेशीच्या हद्दीवरील बंदोबस्त

रक्तपेढीच्या शीतकपाटात ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेल्या रक्ताच्या पिशवीतील द्रव काही दिवसांनी तपासला, तर त्यातील पोटॅशियमचे प्रमाण दिवसागणिक वाढत गेलेले आढळते; आणि हे पोटॅशियम आले कोठून, या प्रश्नाच्या उत्तरात तांबड्या पेशीच्या जीवनाचे मर्म आहे.

आपल्या रक्तद्रवात दर लिटरमागे सोडियम सुमारे १४० मिलिमोल, तर पोटॅशियम अवघे ४ असते. पेशीच्या आत मात्र पोटॅशियम शंभरावर आणि सोडियम दहाच्या आसपास, असा सर्वस्वी विपरीत हिशेब असतो. पेशीचे पटल स्निग्ध द्रव्यांचे असल्यामुळे विद्युत्भारित आयनांना ते सहजी वाट देत नाही, तथापि ते पूर्णतः अभेद्यही नाही. सोडियम आत आणि पोटॅशियम बाहेर असे अखंड झिरपत राहते. आतील हिमोग्लोबिनला बाहेर पडता येत नाही आणि ते पाणी ओढून घेते, त्यात सोडियमचीही भर पडत गेली तर पेशी फुगून अखेर फुटेल. हा अनर्थ टाळण्याची तजवीज पटलातील एक प्रथिन करते: एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचा एक रेणू खर्ची घालून ते सोडियमचे तीन आयन बाहेर घालवते आणि पोटॅशियमचे दोन आत घेते. डेन्मार्कच्या येन्स स्काउ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर प्रयोग करून १९५७ साली या प्रथिनाचा शोध प्रसिद्ध केला आणि त्याबद्दल १९९७ साली ते रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

सर्वच आयनांच्या ये-जा करण्याला असा खर्च पडत नाही. ऊतींतील कार्बन डायऑक्साइडपासून पेशीत तयार झालेले बायकार्बोनेट बाहेर पडते आणि त्याच्या बदल्यात क्लोराइड आत येते, व फुफ्फुसांत हाच व्यवहार उलट दिशेने होतो. त्यासाठी एकेका पेशीच्या पटलात सुमारे दहा लाख प्रथिने हजर असतात, पण एटीपी लागत नाही.

सोडियम-पोटॅशियमची फेड मात्र ग्लुकोजच्या विघटनातून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेतूनच, केंद्रक आणि मायटोकॉन्ड्रिया नसलेल्या या पेशीला सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यभर करावी लागते. शीतकपाटात झिरपणे मंदावते, पण उपसा त्याहूनही अधिक मंदावतो. म्हणून पोटॅशियम बाहेर साचते. प्रौढाला एखादी पिशवी सावकाश दिल्यास त्याचा सहसा उपद्रव होत नाही, पण नवजात अर्भकास पुष्कळ रक्त त्वरेने द्यावे लागले तर हेच पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांत बिघाड करू शकते, आणि अशा वेळी डॉक्टर ताजे रक्त मागतात. ते आयत्या वेळी हाती असायचे, तर रक्तदान शिबिरापुरते न ठेवता निरोगी माणसाने ते वर्षभर, नियमाने केले पाहिजे.