आधी ठोकळे, मग सॉरी

बालवाडीत ठोकळ्यांचा मनोरा पडला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. एक मूल भोकाड पसरतं, दुसरं अंग चोरून उभं राहतं, ताई येतात, ‘सॉरी म्हण बघू त्याला’ असं सांगतात, सॉरी म्हटलं जातं आणि भांडण मिटलं असं आपण धरून चालतो. यात बारकाईने पाहण्यासारखं एकच आहे : सॉरी म्हणणाऱ्याची नजर. ती रडणाऱ्या मित्राकडे क्वचितच असते. ती असते ताईंच्या चेहऱ्याकडे. एवढ्यावर सुटलो का, हे मूल तिथे वाचत असतं. मनोरा ज्याचा पडला तो बाजूलाच राहतो आणि ठोकळे तसेच पसरलेले असतात. हुकमाने मागवलेली माफी मोठ्यांना शांतता मिळवून देते, मुलांच्या भांडणाला मात्र हात लावत नाही.

मूल कोडगं असतं म्हणून असं होतं का? स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक समजेवर १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याचं उत्तर सापडतं. ते मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाने दार ढकललं, मागे ट्रे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पंधरा कप फुटले. दुसरा आई नसताना जॅम चोरायला चढला, एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं बहुधा पंधरा कपवाल्याकडे बोट दाखवत. मोठी मुलं हेतू पाहत. गोष्ट सोपी करून सांगितली तर लहानग्यांनाही हेतू कळतो, असं पुढच्या संशोधकांनी दाखवलं, ते खरंच. तरी पंधरा हा आकडा विसरण्यासारखा नाही. या वयाला नुकसान चटकन दिसतं, ते मोजता येतं. मग ज्याला पंधरा कप दिसतात, त्याला पडलेले ठोकळेही दिसतात. तर सुरुवात तिथूनच का करू नये? मरिसा ड्रेल आणि विक्रम जसवाल यांच्या २०१६ च्या अभ्यासात सहा-सात वर्षांच्या मुलांनी रचलेला कपांचा मनोरा पाडला गेला. नुसती माफी ऐकून त्या मुलांना बरं वाटलं नाही. पाडणाऱ्याने पुन्हा रचायला हात लावला तेव्हा वाटलं. माफी वाया गेली असंही नाही. दुरावा कमी करायला ती उपयोगी पडली. पण दुखणं हलकं केलं ते भरपाईने.

यावर कुणी म्हणेल, नमस्कार तरी मुलाला कळून येतो का? आधी सवय, मग समज. मुद्दा वजनदार आहे, पण अर्थ न कळता केलेल्या नमस्काराने कुणाचं काही बिघडत नाही. पोकळ सॉरीसमोर मात्र ज्याचं बिघडलंय तो उभा असतो आणि त्याला वर ‘आता रडू नको, सॉरी म्हणाला ना तो’ हेही ऐकावं लागतं. दुसरं म्हणणं असं, की मोठ्यांनी मध्ये पडूच नये. मुलं कट्टी घेतात, बट्टी करतात, आपलं आपण निभावतात. बरोबरीच्या दोघांत हे खरंय. पण एक दांडगा आणि दुसरा बुजरा असेल, तर बट्टीची घाई नेहमी बुजऱ्यालाच असते आणि चूक नसताना माफी तोच मागतो. तिथे ताई हव्यातच. तिसरी अडचण सगळ्यांत खरी : खोलीभर पोरं आणि ताई एकट्या, प्रत्येक तंट्याला वेळ कुठून आणायचा? पण ‘काय झालं?’ आणि ‘आता काय करूया?’ या दोन प्रश्नांना फार वेळ लागत नाही, आणि ठोकळे तर मुलंच उचलतात.

म्हणून बालवाडीतल्या ताईंना आणि घरातल्या आईबाबा-आजीआजोबांना एवढंच सांगणं आहे : सॉरी शिकवा, पण ते पहिलं पाऊल करू नका. आधी रडणाऱ्याला काय गेलं ते बोलू द्या, मग पाडणाऱ्याला उचलायला लावा. त्यानंतर सॉरी आलं तर उत्तम. नाही आलं, तरी भरपाई झालेली असेल.