सिस्टरसमोरची खुर्ची : मनाच्या दवाखान्यातली पहिली भेट

भंडारा जिल्ह्यात दिवाळी येते ती हलक्या धानाच्या कापणीबरोबर. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, रात्री झाडीपट्टीची नाटकं होतात, लेकी-जावई आणि पाहुण्यांनी घरं भरून जातात. घरातलं एखादं माणूस माणसांत येईनासं झालं आहे, हे अनेकदा याच दिवसांत उघड होतं. पाहुणे विचारतात, "मोठा भाऊ दिसत नाही?" घरचे म्हणतात, "त्याले बरं नाही." काय बरं नाही, हे सहसा कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

या 'बरं नाही'पासून दवाखान्यापर्यंतचं अंतर किती मोठं आहे, याचा अंदाज २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून येतो. बारा राज्यांत झालेल्या या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्या शेजारची मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही राज्यं होती. उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचं प्रमाण निरनिराळ्या आजारांत सुमारे ७० ते ९२ टक्के आढळलं. म्हणजे दहा आजारी माणसांपैकी सात ते नऊ जण दवाखान्याबाहेरच राहिले. यात डॉक्टरांचा तुटवडा हे एक कारण आहेच. दुसरं कारण साधं आहे: तिथे गेल्यावर काय होतं, हेच माणसाला ठाऊक नसतं. कोंडून ठेवतील, शॉक देतील, गावात कळेल, जन्मभर गोळ्या मागे लागतील, अशी भीती मनात असते. म्हणून हा लेख पहिल्या भेटीवर आहे. आणि त्या भेटीत पुष्कळदा आधी समोर येणाऱ्या व्यक्तीवर, म्हणजे सिस्टरवर.

ही सिस्टर कोण?

सरकारी भाषेत तिला मनोविकृती परिचारिका म्हणतात. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. पुढे कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. त्यामागचा विचार असा की भंडाऱ्याच्या माणसाला प्रत्येक वेळी साठेक किलोमीटरवरचं नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय गाठावं लागू नये. साधे उपचार जिल्ह्यातच मिळावेत. या कार्यक्रमाच्या रचनेत मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका आणि घरी जाऊन पाठपुरावा करणारी सामुदायिक परिचारिका अशी पदं आहेत. सगळी पदं सगळीकडे भरलेली असतात असं नाही, हे सरकारी दवाखान्याची पायरी चढलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

मानसिक परिचर्या ही स्वतंत्र विद्या आहे. रुग्णाशी जुळणारं नातं हेच परिचारिकेचं मुख्य साधन, असं अमेरिकेतल्या हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ च्या आपल्या ग्रंथात मांडलं आणि या शाखेला पाया मिळाला. आपल्याकडे सामान्य नर्सिंगनंतर मानसिक परिचर्येची एक वर्षाची पदविका घेता येते, किंवा एम.एस्सी. नर्सिंगला हा विषय निवडता येतो. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने 'मानसिक आरोग्य परिचारिका' या व्याख्येत सामान्य नर्सिंगची आणि मानसिक परिचर्येची, अशा दोन्ही अर्हता धरल्या आहेत. त्यामुळे समोरच्या सिस्टर किंवा ब्रदरचं शिक्षण यांपैकी कोणतंही असू शकतं. "तुम्ही यातलं शिक्षण घेतलं आहे का?" असं विचारण्यात काही गैर नाही.

परदेशातली नर्स आणि आपली नर्स

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांच्या कानावर 'सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर' हा शब्द आला असेल. नर्स प्रॅक्टिशनर ही कल्पना १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी सुरू केली. तिथली मानसिक आरोग्याची नर्स प्रॅक्टिशनर किमान पदव्युत्तर शिकलेली असते, आजाराचं निदान करते आणि औषधही लिहून देते. काही राज्यांत स्वतंत्रपणे, तर काही राज्यांत डॉक्टरांशी केलेल्या करारानुसार.

आपल्या जिल्हा रुग्णालयात चित्र वेगळं आहे. निदान आणि औषध डॉक्टरांचं. पाहणी, शुश्रूषा, समजावणं आणि पाठपुरावा सिस्टरचा. २०१७ च्या कायद्याचं कलम १०६ सांगतं की आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचं औषध किंवा उपचार कोणत्याही मानसिक आरोग्य व्यावसायिकाने सुचवू नयेत. म्हणून सिस्टर म्हणाली, "गोळीचं डॉक्टरच सांगतील," तर ती टाळाटाळ करते आहे असं समजू नये. पण गोळी सोडून बाकी जवळजवळ सगळं तिला विचारता येतं, आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांपेक्षा तिच्याकडे चार मिनिटं जास्त असण्याची शक्यता असते.

काय विचारतील?

समजा, लाखांदूर तालुक्यातला चाळिशीचा एक धान-उत्पादक पत्नीसोबत आला आहे. केसपेपर निघतो, रक्तदाब आणि वजन घेतलं जातं. मग प्रश्न सुरू होतात. झोप किती वाजता मोडते? जेवण जातं का? कामात मन लागतं का? कोणी नसताना आवाज ऐकू येतात का? घरात आणखी कोणाला असा त्रास होता का? पूर्वी कधी उलट, फार उत्साहाचे, झोपेवाचून चालणारे, पैसे उधळण्याचे दिवस आले होते का? हा शेवटचा प्रश्न विचित्र वाटतो, पण त्याच्या उत्तरावर औषध बदलतं. अशा माणसाला नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर तो उन्मादाकडे झुकू शकतो.

आधीचे आजारही सांगावेत. थायरॉइडची कमतरता नैराश्यासारखी दिसू शकते. विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल आहे, तोही सांगावा. मोहाची असो की दुकानातली, दारू किती आणि कधीपासून, हे खरं सांगावं; खर्राही सांगावा. इथे लाजेपायी केलेली लपवाछपवी जिवावर बेतू शकते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, झटके, भ्रम असे प्रकार होऊ शकतात. "दवाखान्यात जायचं म्हणून चार दिवस घेऊच दिली नाही," असं घरचे कौतुकाने सांगतात, तेव्हा अनुभवी सिस्टरचं लक्ष आधी रुग्णाच्या हातांकडे जातं.

आणि एक प्रश्न हमखास येईल: "जगू नये असं वाटतं का?" बायकोसमोर हे विचारलं म्हणून रागावू नये. या प्रश्नाने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट असलेला विचार बोलता येतो आणि त्याचा भार हलका होतो. हवं तर "मला एकट्याने बोलायचं आहे" असं म्हणावं. उत्तर 'हो' असेल तर घरच्यांना सांगितलं जाईल की फवारणीची औषधं घरात ठेवू नका, कुलपात आणि दुसऱ्याच्या ताब्यात द्या, आणि काही दिवस माणसाला एकटं सोडू नका. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर गुन्हा होईल या धास्तीनेही घरं गप्प बसतात. कायद्याचं कलम ११५ असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरतं, त्याला शिक्षा नव्हे तर उपचार देणं ही सरकारची जबाबदारी मानतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेचं कलम ३०९ राहिलेलं नाही.

मांत्रिकाकडे जाऊन आलात, उतारा केला, हेही सांगून टाकावं. सिस्टर याच मुलखातली असेल तर तिला नवल वाटणार नाही. तिला जाणून घ्यायचं असतं ते एवढंच की मध्ये किती दिवस गेले, काही पाजलं का आणि शरीराला इजा झाली का.

गोळ्यांविषयी चार गोष्टी

पहिली गोष्ट: नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ, डोकेदुखी, बेचैनी हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे आधी तोटा दिसतो, फायदा मागून. हे आधी सांगितलं नाही तर माणूस आठव्या दिवशी गोळ्या टाकून देतो. दुसरी: बरं वाटलं की थांबवायचं, हा तापाच्या गोळीचा नियम इथे चालत नाही. नैराश्यात बरं वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. सगळ्यांनाच जन्मभर गोळ्या लागत नाहीत. काही आजारांत दीर्घकाळ लागतात, जशा मधुमेहात लागतात.

तिसरी गोष्ट आपल्या उन्हाची. उन्माद-नैराश्याच्या चक्रावर लिथियम हे जुनं आणि गुणकारी औषध आहे, पण त्याचं रक्तातलं प्रमाण मोजत राहावं लागतं. मे महिन्यात तेंदूपाने तोडायला जाणाऱ्या माणसाचा घाम गेला, पाणी-मीठ कमी पडलं, जुलाब लागले, किंवा अंगदुखीवर त्याने दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेतल्या, तर ते प्रमाण विषारी पातळीपर्यंत चढू शकतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, उलट्या होणं ही त्याची खूण; अशा वेळी थेट दवाखाना गाठावा. चौथी: काही औषधांनी मान किंवा जबडा एकाएकी आखडतो. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काही लागलं. तो औषधाचा परिणाम असतो, आणि त्यावर लगेच उतार पडणारा उपाय दवाखान्यात असतो. बाई गरोदर असेल किंवा तसा विचार असेल तर तेही आधीच सांगावं, कारण व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला घातक ठरू शकतं.

आपले हक्क

२००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी इथे आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. आजचा कायदा कोणत्याही रुग्णाला कसल्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई करतो. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याखेरीज विद्युत-उपचार करता येत नाही. गरिबीरेषेखालच्या माणसाला, हातात कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी मोफत उपचार मिळण्याचा हक्क आहे. आजार काय, उपचार काय आणि त्यांचे दुष्परिणाम कोणते, हे आपल्याला समजेल अशा भाषेत सांगितलं पाहिजे. झाडीबोलीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळणं हा म्हणूनच सौजन्याचा नव्हे, हक्काचा भाग आहे.

गुप्ततेचाही हक्क आहे. जिवाला धोका असणं, न्यायालयाचा आदेश अशा थोड्या अपवादांखेरीज आपली माहिती बाहेर जाऊ नये. सामुदायिक परिचारिकेने घरी येऊ नये असं वाटत असेल तर तसं सांगावं. फोनवर बोलण्याचा किंवा दुसऱ्या जागी भेटण्याचा मार्ग विचारावा. आणि शुद्ध बरी असतानाच कोणाही प्रौढाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो: साध्या कागदावर लिहून, खाली सही किंवा अंगठा. पुढे आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर कोणत्या भावाचं, कोणत्या बहिणीचं ऐकावं, हे आपणच ठरवून ठेवायचं. शेतीच्या वाटणीवरून ज्या घरांत वितुष्ट आहे, तिथे या कागदाचं मोल वेगळं सांगायला नको.

निघण्यापूर्वी

जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्यावीत. त्रास कधीपासून आहे, ते चार ओळींत लिहून न्यावं. तिथे गेल्यावर सुचत नाही. सोबत असं माणूस न्यावं की ज्याच्यासमोर बोलता येतं. उठण्यापूर्वी सिस्टरला तीन गोष्टी विचाराव्यात: गोळी चुकली तर काय करायचं, कोणता त्रास झाला तर लगेच यायचं, आणि पुढची तारीख कोणती. ती तारीख पाळणं हा अर्धा उपचार आहे, कारण एका भेटीत मनोविकाराचं पक्कं निदान होईलच असं नाही. सिस्टरचं वागणं पटलं नाही तर दुसऱ्या कोणाकडे पाहण्याची विनंती करावी. येणं मात्र बंद करू नये.

जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचा धीर होत नसेल, तर गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याशी बोलावं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि मराठीत बोलता येतं.

यंदा मंडईला कोणाच्या घरी गेलात आणि 'त्याले बरं नाही' असं ऐकलंत, तर पुढचा प्रश्न विचारून पाहावा. झोप लागते का त्याला? जेवतो का? आणि शक्य असेल तर म्हणावं, "सोमवारी मी भंडाऱ्याला चाललो आहे, चल माझ्यासोबत." केसपेपर काढण्याच्या रांगेत शेजारी उभं राहणारं माणूस असलं, तर सिस्टरसमोरच्या खुर्चीत बसणं पुष्कळ सोपं जातं.