दुधासारखं औषध

बसा रे पोरांनो. मीराताई म्हणते ना, "भूल दिली आणि दुसऱ्याच क्षणी जाग आली"? तिचा मधला तास कुठे गेला, ते सांगतो. माझी उभी नोकरी भूल देण्यात गेली.

तिच्या शिरेत गेलं ते पांढरंशुभ्र औषध म्हणजे प्रोपोफोल. दिसायला दूध, पण दुधाचा थेंब नाही त्यात. मूळ औषध तेलकट, पाण्यात काही केल्या विरघळेना. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत जॉन ग्लेन नावाचे डॉक्टर होते, आणि गंमत म्हणजे ते जनावरांचे डॉक्टर! १९७३ साली उंदरांवर प्रयोग करताना त्यांना या औषधाचा गुण कळला. १९७७मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा ते क्रेमोफोर नावाच्या द्रवातून देत. काही रोग्यांना त्याची जबर ॲलर्जी आली. दुसरा कोणी असता तर नाद सोडला असता. ग्लेन आणि मंडळींनी द्रवच बदलला: सोयाबीनचं तेल घेतलं आणि अंड्यातलं लेसिथिन घालून त्याचे अगदी बारीक थेंब पाण्यात तरंगते ठेवले. १९८६ साली औषध बाजारात आलं. ग्लेनना लास्कर पुरस्कार मिळाला तो पार २०१८मध्ये!

आता बघा. मीराचं वजन ५० किलो, किलोमागे दोन मिलिग्रॅम धरले तर साधारण १०० मिलिग्रॅम. सिरिंजमध्ये १० मिलिलिटर. शिरेत शिरताना ते झोंबतं, म्हणून आम्ही आधी थोडं लिग्नोकेन देतो. मग बोलता बोलता पोर गप्प होते. पापणीच्या केसांना बोट लावलं तरी पापणी हलत नाही. अर्ध्या-पाऊण मिनिटाचा खेळ सगळा. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, पेशींना शांत करणारं. प्रोपोफोल त्याचा जोर वाढवतं. क्लोराइडचे आयन पेशीत जास्त शिरतात आणि पेशी संदेश पाठवेनाशा होतात.

मग एकाच डोसने माणूस पाच-दहा मिनिटांत जागा कसा होतो? लग्नाचं वऱ्हाड आधी मांडवात दाटतं, मग गावभर सोयऱ्यांकडे पांगतं. मांडव रिकामा, पण पाहुणे गावातच. मेंदूला रक्त भरपूर, म्हणून औषध आधी तिथे जातं. नंतर ते स्नायूंत आणि चरबीत पसरतं. त्याचा निकाल लावायचं काम मुख्यतः यकृताचं, ते या पांगण्यापेक्षा सावकाश चालतं. मांडव असा झटकन रिकामा होतो, म्हणून लांबलचक ऑपरेशनला आम्ही पंपाने थेंब थेंब देत राहतो किंवा भुलीचा वायू सुरू करतो. जाग आल्यावर मळमळ कमी, ही याची खरी थोरवी.

पण भोळं समजू नका हं याला. श्वास मंदावतो, कधी थांबतोही, रक्तदाब उतरतो. वेदनाही मारत नाही, त्यासाठी फेंटानिलसारखं वेगळं औषध लागतं. म्हणून मास्क आणि पिशवी हाताशी ठेवून, मॉनिटरवर डोळे लावून आम्ही रोग्याच्या डोक्याशीच उभे असतो.

आणि झोपेत घशाची राखण सुटते. पोटात अन्न असलं तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. ऑपरेशनच्या आधी निदान सहा तास जेवण बंद करतात, ते याचसाठी. तेव्हा भूलतज्ज्ञांनी "सकाळी काही खाल्लंस का?" विचारलं, तर एक बिस्किट खाल्लं असेल तरी खरं सांगायचं. फार तर ऑपरेशन पुढे ढकलतील.