गळाचा परवाना : शुल्क किती आणि कशासाठी?

हिमालयातील ट्राउटच्या थंड ओढ्यांपासून दक्षिणेतील कावेरीच्या खोल डोहांपर्यंत गळाने मासे पकडण्याचा छंद भारतात दीडशे वर्षांहून अधिक काळ रुजलेला आहे. उपजीविकेसाठी जाळे टाकणारा मच्छीमार आणि विरंगुळ्यासाठी गळ टाकून बसणारा हौशी मासेमार यांच्यात मूलभूत फरक आहे. पहिल्यासाठी मासा हे अन्न व उत्पन्नाचे साधन आहे, तर दुसऱ्यासाठी तो क्रीडेचा विषय आहे. हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर, उत्तराखंड अशा प्रदेशांत या हौशी मासेमारांना शासनाकडून परवाना घ्यावा लागतो व त्यासाठी शुल्क भरावे लागते. नद्यांची स्थिती खालावत असताना हे शुल्क वाढवावे काय, हा प्रश्न सकृद्दर्शनी किरकोळ वाटतो. तथापि, नैसर्गिक संसाधनाच्या उपभोगाची किंमत कोणी, किती व कशी मोजावी, हा विकासाच्या अर्थशास्त्रातील महत्त्वाचा मुद्दा त्यात दडलेला आहे.

कायद्याची चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्य सूचीतील २१ व्या क्रमांकाचा विषय आहे. प्रादेशिक जलक्षेत्रापलीकडील मासेमारी मात्र संघ सूचीत ५७ व्या क्रमांकावर येते. नदी, तलाव व जलाशय यांतील मासेमारीचे नियमन त्यामुळे प्रामुख्याने राज्यांच्या हाती आहे. राज्य सूचीतील विषयांबाबत शुल्क आकारण्याचा अधिकार त्याच सूचीतील ६६ व्या नोंदीने राज्यांना मिळतो.

या नियमनाचा पाया १८९७ च्या भारतीय मत्स्यपालन अधिनियमात आहे. स्फोटके वापरून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारण्यास या कायद्याने मनाई केली. जाळ्याच्या आसाचा आकार ठरविणे, विशिष्ट हंगामात मासेमारी थांबविणे, एखाद्या जलभागात दोन वर्षांपर्यंत मासेमारी पूर्णतः बंद ठेवणे, असे नियम करण्याचे अधिकारही त्याद्वारे शासनास मिळाले. पुढे अनेक राज्यांनी स्वतःचे कायदे व नियम केले. गळाचा परवाना हा अशाच नियमांचा भाग होय. त्यात सामान्यतः हंगाम, ठरवून दिलेला नदीचा टापू, दिवसाला पकडावयाच्या माशांची संख्या व त्यांचा किमान आकार या अटी असतात.

कर आणि शुल्क

परवान्यासाठी घेतली जाणारी रक्कम हे शुल्क आहे, कर नव्हे. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात स्पष्ट केला. कर ही सार्वजनिक प्रयोजनासाठी केलेली सक्तीची वसुली असते व भरणाऱ्यास तिच्या बदल्यात विशिष्ट लाभ मिळेलच असे नाही. शुल्क मात्र एखाद्या विशेष सेवेच्या मोबदल्यात घेतले जाते. पुढील निर्णयांनी हा निकष काहीसा शिथिल केला व नियमनासाठीच्या परवाना शुल्कात सेवेचा तंतोतंत हिशेब आवश्यक नसल्याचे मान्य केले. असे असले तरी शुल्क आणि सेवा यांच्यात वाजवी नाते असावे, हे तत्त्व धोरणाच्या दृष्टीने आजही उपयुक्त आहे. म्हणूनच शुल्क वाढविण्यापूर्वी त्या बदल्यात नदीसाठी नेमके काय केले जाणार, हे विचारणे क्रमप्राप्त ठरते.

खर्चाचे स्वरूप

या प्रश्नाचे उत्तर माशाच्या जातीनुसार बदलते. ट्राउट हा मूळचा भारतीय मासा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातून त्याची अंडी काश्मीरमध्ये आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. पुढे कुलू खोरे व निलगिरीतही त्याची पैदास करण्यात आली. काश्मीरमधील कोकरनाग व हिमाचलमधील पतलीकुहल यांसारख्या केंद्रांत अंडी उबवून पिले वाढविली जातात. गळाला लागणाऱ्या ट्राउटमागे अशा केंद्रांचा प्रत्यक्ष खर्च असतो आणि त्याचा मोठा वाटा छंदाचा लाभ घेणाऱ्याने उचलावा, हे न्याय्य होय.

महसीरची बाब वेगळी आहे. हा आपल्या नद्यांचा मूळ रहिवासी आहे. सोनेरी महसीर हिमालयीन नद्यांत आढळतो व हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड यांचा तो राज्यमासा आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. पावसाळ्यात विणीसाठी तो उपनद्यांत वर चढतो. वाट बंधाऱ्याने अडली किंवा वाळू-गोटे उपसले गेले तर वीणच खुंटते. मोठ्या माद्या अधिक अंडी घालत असल्याने एक मोठी मादी मारली गेली तरी पुढील पिढीची मोठी हानी होते. येथे पिले सोडण्यापेक्षा विणीच्या जागांची राखण, रात्रीची गस्त आणि सुरुंग लावणाऱ्यांवरील कारवाई यांवर खर्च होणे महत्त्वाचे ठरते.

अमेरिकेचा दाखला

छंदासाठी होणाऱ्या मासेमारीच्या पैशातून मत्स्यसंवर्धन करण्याची सर्वांत व्यापक व्यवस्था अमेरिकेत आहे. तेथील संसदेने १९५० मध्ये डिंगेल-जॉन्सन कायदा केला. त्यानुसार गळ, दोरी, चाकरी इत्यादी साहित्यावर आकारलेले उत्पादनशुल्क राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी वाटले जाते. १९८४ च्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती वाढविण्यात आली. प्रत्येक राज्याचा हिस्सा ४० टक्के त्याच्या भूमी व जलक्षेत्राच्या प्रमाणात आणि ६० टक्के सशुल्क परवानाधारकांच्या संख्येच्या प्रमाणात ठरतो. मान्य प्रकल्पाच्या खर्चापैकी ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम संघीय निधीतून मिळते व उर्वरित राज्याने उभारावयाची असते.

या कायद्यातील एक अट विशेष लक्षणीय आहे. परवान्यातून मिळालेला पैसा राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाच्या कामाखेरीज अन्यत्र वळविला जाणार नाही, असा कायदा करणाऱ्या राज्यासच हा निधी मिळतो. परिणामी, शुल्कवाढीचा प्रस्ताव आला की तो पैसा कोठे जाणार हे परवानाधारकास ठाऊक असते. या व्यवस्थेची मर्यादाही आहे. परवानाधारकांची संख्या घटली तर संवर्धनाचा आधारच खचतो आणि ज्या जलचरांमध्ये गळवाल्यांना रस नाही ते उपेक्षित राहण्याचा धोका संभवतो.

कावेरीचा अनुभव

भारतात कावेरी नदीचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. या खोऱ्यातील पाठीवर उंचवटा असलेला महसीर जगातील सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक होय. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेल्या अशा माशाचे वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो नोंदले गेले आहे. कर्नाटकात १९७० च्या दशकापासून हौशी मासेमारांच्या एका संस्थेने नदीचा टापू भाडेपट्ट्याने घेऊन राखण सुरू केली व पकडलेला मासा जिवंत परत सोडण्याची पद्धत रुजविली. पुढे राज्याच्या पर्यटन उपक्रमानेही भीमेश्वरी, गालीबोरे येथे शिबिरे चालविली. स्थानिकांना वाटाड्या म्हणून रोजगार मिळाला. त्यांत पूर्वी चोरटी मासेमारी करणारेही होते. पर्यटकाने मोजलेल्या पैशातून नदीवर रोज माणसांचा वावर राहिला आणि स्फोटके टाकणाऱ्यांवर वचक बसला.

अभयारण्यात वन्यजीव कायद्याचे निर्बंध लागू असल्याने २०१२ च्या सुमारास तेथील गळाची मासेमारी बंद झाली. संरक्षित क्षेत्रात क्रीडेसाठी प्राण्यास इजा करू नये, ही त्यामागील भूमिका तत्त्वतः योग्य आहे. मात्र त्याबरोबर किनाऱ्यावरील खासगी राखणही संपली व त्याची जागा भरून काढण्याची गरज अभ्यासकांनी निदर्शनास आणली.

याच शिबिरांतील नोंदवह्यांनी विज्ञानाला आणखी एक देणगी दिली. १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींचे विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. गळाला लागणाऱ्या माशांची एकूण संख्या वाढत असतानाच मूळचा उंचवट्याचा महसीर झपाट्याने कमी होत गेला आणि निळ्या परांचा महसीर वाढला, असे त्यातून दिसून आले. या दुसऱ्या जातीच्या कृत्रिम पैदाशीचे काम १९७० च्या दशकापासून महाराष्ट्रात लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात झाले व तेथील बीज अन्य राज्यांतही सोडण्यात आले. पैदाशीचे ते यश महत्त्वाचे असले, तरी एका खोऱ्यातील जात दुसऱ्या खोऱ्यात सोडल्याने मूळ जातीवर ताण येऊ शकतो, हा धडा कावेरीने दिला. उंचवट्याच्या महसीरची २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद झाली. शुल्काचा पैसा केवळ मत्स्यबीज सोडण्यावर खर्च करणे पुरेसे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

शुल्कवाढीचे गणित

शुल्क दीडपट केले म्हणजे उत्पन्न दीडपट होईल, हे गृहीतक बरोबर नाही. समजा, एका टापूवर १,००० जण प्रत्येकी २०० रुपये भरतात. उत्पन्न २ लाख रुपये होते. शुल्क ३०० रुपये केल्यावर सर्वजण टिकले तर ते ३ लाख होईल. परंतु ४०० जणांनी परवाना घेणे सोडले तर उत्पन्न १ लाख ८० हजारांवर येईल, म्हणजे पूर्वीपेक्षाही कमी. परवानाधारक ६६७ पेक्षा कमी झाले की वाढ तोट्याची ठरते. अर्थशास्त्रात यास मागणीची किंमत-लवचिकता म्हणतात. दूरवरून येणाऱ्या पर्यटकाच्या एकूण खर्चात परवान्याचा वाटा अल्प असल्याने त्याची मागणी तुलनेने अलवचिक असते. नदीकाठच्या गावातील तरुणाचे तसे नसते.

परवाना सोडणाऱ्यांपैकी काही जण विनापरवाना गळ टाकू लागले तर हानी दुहेरी होते. महसूल बुडतो आणि कोणी किती मासे पकडले याची नोंदही राहत नाही. त्यामुळे सरसकट वाढीऐवजी श्रेणीबद्ध शुल्क अधिक योग्य ठरते. बाहेरील पर्यटकास अधिक, स्थानिकास व विद्यार्थ्यास नाममात्र, मासा परत सोडणाऱ्यास सवलत आणि मासा घेऊन जाणाऱ्यास जास्त, अशी रचना करता येईल. पारंपरिक मच्छीमाराच्या जाळ्याचा परवाना या वाढीपासून पूर्णतः वेगळा ठेवणे अगत्याचे आहे.

न्यायाचा आणखी एक पैलू आहे. महसीरवरील मुख्य संकटे धरणे, वाळूउपसा, सांडपाणी व स्फोटके ही आहेत. नियम पाळणारा गळवाला नव्हे. वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. गळवाला ‘लाभ घेणाऱ्याने मोल द्यावे’ या तत्त्वाखाली येतो. त्याच्या शुल्कावर बोट ठेवून प्रदूषकाची जबाबदारी टाळता येणार नाही.

पैसा नदीपर्यंत कसा पोहोचेल?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ नुसार राज्याचा महसूल सामान्यतः संचित निधीत जमा होतो व विधिमंडळाच्या मंजुरीनेच खर्च होतो. लोकशाहीतील आर्थिक नियंत्रणासाठी ते आवश्यक आहे. परंतु यामुळे एखाद्या नदीवर जमा झालेले शुल्क त्याच नदीच्या राखणीसाठी परत येईल याची हमी राहत नाही.

यावर देशातच एक नमुना उपलब्ध आहे. २००६ च्या दुरुस्तीने वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात समाविष्ट झालेल्या कलम ३८-एक्स नुसार राज्यांना व्याघ्र प्रकल्पांसाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापन करावे लागते. केरळमधील पेरियार येथे २००४ पासूनच असे प्रतिष्ठान कार्यरत होते. महाराष्ट्रात ताडोबा-अंधारीसाठीही ते आहे. पर्यटनातून मिळणारे उत्पन्न त्याच क्षेत्राच्या संरक्षणाकडे व परिसरातील गावांकडे वळविण्याची सोय या रचनेत आहे. नदीच्या टापूसाठी मत्स्यव्यवसाय विभाग, ग्रामपंचायत, मच्छीमार सहकारी संस्था व परवानाधारक यांचा समावेश असलेली अशी व्यवस्था उभारता येईल. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत नद्यांत मत्स्यबीज सोडण्याच्या कार्यक्रमाचा अंतर्भाव आहे. अशा कार्यक्रमांना शुल्काधारित स्थानिक राखणीची जोड मिळाल्यास सोडलेले बीज वाढण्याची शक्यता अधिक राहील.

सारांश, हौशी मासेमाराने अधिक शुल्क द्यावे हे तत्त्वतः समर्थनीय आहे. मात्र शुल्कवाढ ही केवळ महसुलाची बाब राहता कामा नये. वाढीव रक्कम त्याच नदीवर खर्च होणे, तिचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध होणे, पकडलेल्या प्रत्येक माशाची नोंद परवान्यासोबत परत घेणे आणि स्थानिक मच्छीमारावर भार न टाकणे या चार अटी पाळल्या गेल्या, तर परवाना हे नदीच्या संवर्धनाचे प्रभावी साधन ठरू शकेल. या अटींविना केलेली वाढ परवानाधारकांची संख्या घटवील आणि नदीची राखण मात्र होती तेवढीच राहील.