आगगाडीच्या चढणीने ॲलेगेनी पार

घाटात सायकल घालणाऱ्याला दोन धास्ती असतात. एक पायांची आणि दुसरी मागून हॉर्न देत येणाऱ्या ट्रकची. अमेरिकेच्या पूर्वेकडे ॲलेगेनी डोंगररांगांत एक वाट आहे, तिथे या दोन्ही धास्ती घरी ठेवून जाता येतं. पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपासून मेरिलँडमधल्या कंबरलँडपर्यंत ती २४१ किलोमीटर जाते. नदीकाठाने, दाट रानातून, बोगद्यांतून आणि उंच पुलांवरून. तिच्यावर मोटारींना मज्जाव आहे. नाव ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’. इंग्रजी आद्याक्षरं घेऊन सायकलवाले तिला नुसतं ‘गॅप’ म्हणतात.

डोंगर मात्र खराच आहे. पिट्सबर्ग समुद्रसपाटीपासून साधारण २२० मीटरवर आणि वाटेचा माथा ७२९ मीटरवर. पाचशे मीटर चढायचे, पण ते दोनशे किलोमीटरभर पसरलेले. सायकलच्या दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या लटकावून दहा वर्षांची मुलं आणि सत्तरीतले आजी-आजोबा इथे आरामात येतात ते यामुळेच. ही सपाटी साधली मालगाडीसाठी. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार चढ सोसत नाही. आपल्या बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ मीटरला एक मीटर आहे आणि तेवढ्यासाठी गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात. ॲलेगेनीत कोळशाच्या जड गाड्या न्यायच्या होत्या, म्हणून अभियंत्यांनी कडे कोरले, दऱ्यांवर पूल टाकले, डोंगर आरपार पोखरले आणि चढ कुठेच अंगावर येऊ दिला नाही. पुढे हे मार्ग चालवणाऱ्या रेल्वे कंपन्यांचे दिवस फिरले. वेस्टर्न मेरिलँड रेल्वेचा डोंगरातला मार्ग १९७५ मध्ये बंद पडला. कॉनल्सव्हिल ते पिट्सबर्गकडचा, दुसऱ्या कंपनीचा मार्ग नव्वदीच्या सुरुवातीला. रूळ उखडले गेले. त्या कोरीव चढणीवर आता चुनखडीचा बारीक चुरा दाबून बसवला आहे.

हे आपोआप झालं नाही. रेल्वेमार्ग बंद झाला की ती अरुंद पट्टी तुकड्यातुकड्याने लगतच्या जमीनमालकांकडे जाते आणि एकदा तुटली की पुन्हा सांधता येत नाही. १९८३ मध्ये अमेरिकी संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. बंद मार्गाची पट्टी अखंड राखायची, पुढे कधी रेल्वेला लागली तर परत द्यायची आणि तोवर तिथे पायवाट-सायकलवाट चालवायची, अशी ही सोय. देशभरातल्या पुष्कळ वाटा तिच्यामुळे वाचल्या. ॲलेगेनीत त्याच्याही आधी वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंस्थेने ओहायोपाइलच्या परिसरातली पट्टी विकत घेऊन ठेवली होती. तिथला पंधरा किलोमीटरचा पहिला तुकडा १९८६ मध्ये खुला झाला. शेवटचा, पिट्सबर्गजवळ एका जलक्रीडा उद्यानाला लागून जाणारा, २०१३ मध्ये. मधली सत्तावीस वर्षं गावोगावच्या स्वयंसेवकांनी झाडं तोडणं, पुलांवर फळ्या ठोकणं, निधी जमवणं आणि जमीनमालकांच्या ओट्यावर बसून त्यांची मनं वळवणं यात घातली. ॲलेगेनीतल्या रानाइतकंच मला या चिकाटीचं अप्रूप वाटतं.

जाताना पिट्सबर्गकडून निघावं असं माझं मत आहे. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना हे शहर पेन हिल्सच्या बालाजी मंदिरामुळे ठाऊक असतं. सायकलवाट सुरू होते ती शहराच्या टोकाला, ॲलेगेनी आणि मोनाँगाहेला या नद्यांचा संगम होऊन ओहायो नदी जन्मते तिथे. पहिले काही तास रानाचे नाहीत. पोलादाच्या जुन्या कारखान्यांच्या जागा, गंजलेल्या भट्ट्या, अजून धडधडणारे मालगाड्यांचे रूळ. होमस्टेडला १८९२ मध्ये कार्नेगींच्या कारखान्यातले संपकरी कामगार आणि मालकांनी धाडलेले पिंकर्टन या खासगी एजन्सीचे बंदूकधारी यांच्यात रक्तरंजित झटापट झाली. त्या कारखान्याचं नदीकाठचं पंपहाऊस अजून उभं आहे आणि वाट त्याच्या अंगणातून जाते.

मकीस्पोर्टपाशी मोनाँगाहेला सुटते आणि यॉकिओगेनी भेटते. स्थानिक लोक तिला लाडाने ‘यॉक’ म्हणतात. पुढे दीड दिवस हीच सोबतीण. झाडी दाटत जाते, पण कड्यातून झिरपणारं पाणी मध्येच नारिंगी रंगाचं दिसतं. बंद खाणींतलं लोह ते अजून बाहेर ओकत असतं. इथेच व्हॅन मीटरजवळ डार खाण होती. १९ डिसेंबर १९०७ रोजी तिच्यात स्फोट होऊन २३९ कामगार दगावले. बरेचसे पूर्व युरोपातून पोटासाठी आलेले. त्या दिवशी संत निकोलसचा सण पाळायला चर्चमध्ये गेलेले त्यांचे सोबती वाचले. वाटेलगत स्मृतिफलक आहे. सायकल लावून तो वाचावा. पुढे कॉनल्सव्हिलच्या अलीकडे झुडपांत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटाकार भट्ट्यांच्या रांगा दिसतात. इथे कोळसा भाजून कोक करत आणि त्यावर पिट्सबर्गचं पोलाद वितळे. शंभर वर्षांपूर्वी हे खोरं धुराने काळवंडलेलं होतं. आजचं रान त्या राखेवर उगवलेलं आहे आणि ते पुन्हा इतकं दाट होऊ शकलं, ही मला या वाटेवरची सर्वांत मोठी आशेची गोष्ट वाटते.

कॉनल्सव्हिल ते कॉन्फ्लुअन्स हा टप्पा सर्वांत गाजलेला. नदी खडकांतून उड्या घेत खाली जाते आणि वाट तिच्या वर, मेपल-ओकच्या सावलीत. ओहायोपाइल या चिमुकल्या गावात नदी एकदम सुमारे सहा मीटर कोसळते. मे १७५४ मध्ये बावीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन पश्चिमेकडे जायला जलमार्ग मिळतो का ते पाहत या नदीतून आला आणि हा धबधबा पाहून परत फिरला. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे राफ्टिंगवाल्यांची जत्रा असते. जमल्यास आडवारी यावं. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटचं जगप्रसिद्ध ‘फॉलिंगवॉटर’ हे धबधब्यावर बांधलेलं घर इथून पाच-सहा किलोमीटरवर आहे, पण तिकडचा रस्ता चढाचा आणि मोटारींचा. सायकल गावात ठेवून गाडीने जाणं शहाणपणाचं.

माझी पसंती मात्र त्यापुढच्या कॅसलमन नदीच्या खोऱ्याला. कॉन्फ्लुअन्सला तीन प्रवाह एकत्र येतात, तिथून वाट कॅसलमनचा हात धरते आणि गर्दी मागे राहते. रॉकवुडपर्यंतच्या तीस किलोमीटरमध्ये एकही मोठं गाव नाही. पलीकडच्या काठाने मालगाडी जाते तेवढाच आवाज. मध्ये पिंकर्टनचा बोगदा लागतो. तो खचायला आल्याने बंद होता आणि वाट बाजूने वळसा घेई. २०१५ पासून पुन्हा आरपार जाता येतं. मायर्सडेलच्या अलीकडे सॅलिसबरी व्हायाडक्ट हा उंच पूल येतो. ५८० मीटर लांब आणि तीस मीटर उंच. खाली नदी, शेतं, रूळ आणि चौपदरी हमरस्त्यावरून धावणाऱ्या मोटारी. वर आपण, कठड्याला रेलून त्या बघत उभे. मायर्सडेल मेपलच्या पाकासाठी नावाजलेलं गाव आहे. तिथल्या जुन्या रेल्वे स्टेशनात आता संग्रहालय आहे. याच्यासारखी गावं सायकलस्वारांच्या पायगुणाने सावरली: खाणी आणि गाड्या गेल्यावर ओस पडू लागलेल्या घरांत मुक्कामाच्या खोल्या झाल्या, दारात सायकल धुवायचा नळ आला.

मायर्सडेलनंतर तेरा किलोमीटरवर माथा. एका छोट्या बोगद्यात भिंतीवर उंचीचा आलेख रंगवला आहे. हा पूर्वेकडचा जलविभाजक. मागच्या बाजूचं पाणी ओहायो-मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला जातं, पुढचं पोटोमॅकमधून चेसापीक उपसागराला. पाय थांबवले तरी सायकल आता थांबत नाही. कंबरलँडपर्यंतच्या अडतीस किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर उतार. लगेच एक किलोमीटर लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा. आत दिवे आहेत, तरी भर उन्हाळ्यातही अंगात जाकीट घालावं लागतं. गारठ्याने आतलं अस्तर फुटू नये म्हणून हिवाळ्यात याची दारं बंद असतात. डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत सलग प्रवास आखू नये. बोगद्याबाहेर पडताच समोर खालपर्यंत डोंगरांच्या निळ्या ओळी उलगडतात. मग मेसन-डिक्सन रेषा, म्हणजे पेनसिल्व्हेनिया-मेरिलँडची सीमा. १७६३ ते १७६७ या काळात मोजलेली ही रेषा पुढे गुलामगिरी असलेल्या आणि नसलेल्या राज्यांमधली सीमा मानली गेली. तिथल्या दगडी बाकांवर न बसता कोणी पुढे जात नाही.

तयारी फारशी लागत नाही. रस्त्यावरच्या शर्यतीच्या बारीक टायरांपेक्षा पस्तीस मिलीमीटर किंवा त्याहून रुंद टायर बरे. दिवा हवा. गवतात बसलात तर संध्याकाळी अंगावर गोचीड पाहावी, तिच्यामुळे लाइम आजार होतो. पानं रंगतात ती ऑक्टोबरच्या मध्याला, आणि तेव्हाच्या खोल्या महिनोन् महिने आधी भरलेल्या असतात. चार दिवस पुरेसे. पाच घेतले तर गावंही पाहून होतात.

कंबरलँडला वाट संपते तिथेच जुन्या चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठची वाट सुरू होते. पूर्वी बोटी ओढणारी खेचरं जिथून चालत, त्याच काठाने २९७ किलोमीटर थेट वॉशिंग्टनपर्यंत. या कालव्याचं आणि बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचं काम एकाच दिवशी, ४ जुलै १८२८ रोजी सुरू झालं; रेल्वे कंबरलँडला १८४२ मध्ये पोचली, कालवा १८५० मध्ये. ती वाट मातीची आहे, पावसानंतर चिखलाची, आणि डोंगरापेक्षा नदीची अधिक. वेळ असेल त्याने पुढे जरूर जावं. नसेल तर कंबरलँडहून पिट्सबर्गला परतायला ॲमट्रॅकची गाडी आहे. तिच्यात सायकल तशीच चढवता येते; फक्त तिकिटाबरोबर सायकलची जागाही आधी राखून ठेवावी, कारण त्या जागा थोड्या असतात.