फर्दापूरच्या वाटेवरच्या बायका

शिंदखेड्याहून भुसावळकडच्या गाडीत बसलं की नरडाणा, अमळनेर, धरणगाव करत जळगाव येतं. तिथून नेरी, पहूर, वाकोद असं साठेक किलोमीटर गेलं की फर्दापूर, आणि पुढे अजिंठ्याचा डोंगर. सरकारी नकाशात लेणी खानदेशाच्या हद्दीबाहेर आहेत. पण इकडून जाणाऱ्याला ती घरचीच वाटतात. गेल्या शतकात काही बायका त्या डोंगरापर्यंत आल्या, आणि तिथून त्यांनी जे नेलं त्याने आपल्या चित्राला आणि पेहरावाला वेगळं वळण दिलं. त्यांची नावं एका दमात घेताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही.

आधीचा काळ पुरुषांचा. मेजर रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी घेऊन हिवाळ्यात इथे येऊ लागला. त्या नकलांपैकीही कितीतरी १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला जळाल्या.

मग आली क्रिस्टियाना हेरिंगहॅम. ही काही हौशी मडम नव्हती. मध्ययुगीन इटालियन चित्रकार चेन्निनी याचा रंगकामावरचा ग्रंथ तिने १८९९ मध्ये इंग्रजीत आणला होता, अंड्याच्या बलकात रंग कालवायची जुनी रीत स्वतः हाताने करून पाहिली होती, आणि बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतही ती होती. १९०९-१० आणि १९१०-११ असे दोन हिवाळे तिने अजिंठ्यात काढले. तळ तंबूत, गुहांत उजेड अपुरा, वटवाघळांची घाण, भिंतींचे पोपडे सुटलेले आणि आधीच्या नकलाकारांनी फासलेलं वार्निश काळवंडलेलं. तिच्या हाताखाली नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा ही तेव्हाची तरुण पोरं होती. नंदलाल यांना तिकडे धाडण्यामागे भगिनी निवेदितांचा आग्रह होता. हैदराबादहून सय्यद अहमद आले, इंग्लंडहून डोरोथी लार्चर आली. ही लार्चर पुढे तिकडे हातठशांच्या छापील कापडासाठी नावाजली.

भिंतीवरच्या रेषेचं वळण नंदलालांच्या हातात बसलं आणि त्यांच्याबरोबर शांतिनिकेतनात गेलं. हेरिंगहॅमच्या वाट्याला मात्र वाईट दिवस आले. १९११ नंतर तिचं मन बिघडलं. आपला कुणी पाठलाग करतंय असं तिला वाटू लागलं. उरलेलं आयुष्य रुग्णालयांत गेलं. तिच्या चमूने केलेल्या नकलांचं पुस्तक १९१५ मध्ये निघालं, तेव्हा ती ते धड पाहण्याच्या अवस्थेत नसावी. १९२९ मध्ये ती गेली.

१९३६-३७ च्या हिवाळ्यात अमृता शेरगिल आली. पॅरिसमध्ये शिकलेली, जेमतेम चोविशीतली. अजिंठा पाहून ती दक्षिणेत गेली आणि १९३७ मध्ये तिने वधूचा शृंगार, ब्रह्मचारी आणि बाजाराला निघालेले खेडूत ही तीन चित्रं काढली. त्यांतले गेरूसारखे सपाट रंग आणि स्तब्ध बसलेल्या बायका पाहिल्यावर अजिंठा कुठे मुरला हे वेगळं सांगावं लागत नाही. नक्कल एकाही आकृतीची नाही. माझ्या मते अजिंठ्याकडून सगळ्यात जास्त शिकली ती हीच.

सगळ्यात जास्त लोकांपर्यंत पोचवलं मात्र भानू अथैया यांनी. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातला १९२९ चा जन्म. वडील अण्णासाहेब चित्रकार, ते लहानपणीच गेले. जे. जे.मध्ये सुवर्णपदक मिळालं, १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह चित्रकारांबरोबर चित्रंही लागली. पुढे त्या चित्रकलेतून कपड्यांकडे वळल्या, हे अनेकांना तेव्हा घसरणीसारखं वाटलं असणार. १९५० च्या दशकात सिनेमा सुरू झाला. १९६६ च्या ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याच्या भिंती अभ्यासल्या. शिवलेल्या पोलक्याऐवजी छातीला बांधलेला पट्टा, कमरेखाली पायाला लपेटून नेसलेलं वस्त्र, उरलेलं अंग दागिन्यांनी भरलेलं. वैजयंतीमालाच्या अंगावरचा तो साज इतका रुळला की त्यानंतरची ‘प्राचीन काळातली’ बाई पडद्यावर बहुधा त्याच थाटात आली. १९८३ मध्ये ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली सांभाळायला अकादमीकडेच परत दिली. आपल्याकडे ती कुठे नीट राहील याचा भरवसा त्यांना नव्हता. २०२० मध्ये त्या गेल्या.

वर घेतलेल्या नावांत खानदेशातलं एकही नाही, हे खटकतं. खानदेशात कलेची जाण नाही असं मात्र कुणी म्हणू नये. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई ही देवी बसते, ती एकदा जवळून पाहावी. चौरंगाला केळीचे खांब, मध्ये नारळ, आणि त्या नारळालाच डोळे, नाक, नथ, मंगळसूत्र. नथ किती तिरपी धरली म्हणजे चेहरा हसरा दिसतो, खणाच्या निऱ्या कुठे दाबल्या म्हणजे बाई बसल्यासारखी वाटते, हे सासू सुनेला सांगत नाही. सून बघून शिकते. प्रत्येक भाऊबंदकीची कानबाई वेगळी ओळखू येते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गौराईचंही तेच.

सोमवारी मिरवणुकीने कानबाई नदीवर जाते, घरी आल्यावर दागिने डब्यात जातात आणि रचना मोडते. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात कागदपत्रं जपली गेली. तशीच कानबाईच्या मांडणीची रेखाटनं गावोगावी फिरून, घरधनिणीच्या नावासकट कुणी करून ठेवली असती, तर फर्दापूरच्या वाटेवरच्या या हिशेबात शिंदखेड्याच्याही दोन-चार ओळी लिहिता आल्या असत्या. हेरिंगहॅमने तंबू ठोकून केलं ते हेच काम होतं, आणि आपल्याला तर तंबूचीही गरज नाही.